शहरसुधारणा आणि घरपट्टीचा वाद

मुंब्र्याहून पनवेलीस जाणारा जुना रस्ता जेथें कल्याणच्या रस्त्यास मिळतो आणि जेथून जवळच महाप्याची वाट फुटते, तें स्थळ शीळफाटा या नांवानें सर्वश्रुत आहे. मालमोटारींचे तांडे, नोकरीवर निघालेले डोंबिवलीकर आणि आसपासचे गांवकरी यांची येथें रोज गांठ पडते. आणि बहुधा ती खोळंबलेल्या रांगेंतच पडते. रस्ता रुंद व्हावा, पूल बांधले जावेत, पाणी व गटारें यांची सोय व्हावी, याविषयीं कोणाचेंही दुमत नाहीं. दुमत होतें तें पुढच्या प्रश्नावर. याचा खर्च कोणी सोसावा, आणि तो अमक्यानें सोसावा हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

या टापूंत हा प्रश्न विशेष बिकट झाला आहे. शीळ गांव ठाणें महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. पनवेलच्या अंगास वळलें कीं दहिसर, पिंपरी, निघू आदिकरून चौदा गांवें लागतात. तीं नवी मुंबई महानगरपालिकेंत होतीं. २००७ सालीं तीं वगळण्यांत आलीं, आणि कित्येक वर्षांनीं त्याच पालिकेंत परत घेण्याचा निर्णय शासनानें केला. कल्याणच्या अंगास काटई, निळजें, मानपाडा इत्यादि सत्तावीस गांवांचा मुलूख येतो. तीं १९८३ सालीं कल्याण महानगरपालिकेंत आलीं, २००२ सालीं बाहेर पडलीं, आणि १ जून २०१५ रोजीं पुन्हा सामील झालीं. २०२० सालीं त्यांपैकीं अठरा गांवांची निराळी नगरपरिषद करण्याचें शासनानें ठरविलें. तें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें रद्द केलें. घराचा उंबरठा जागच्या जागीं असावा आणि पट्टी मागणारा धनी मात्र वरचेवर बदलावा, अशी ही स्थिति आहे. अशा ठिकाणीं कराविषयीं शंका उत्पन्न झाल्यास नवल नाहीं.

पूर्वीं शहरांचा हुकमी आधार जकात हा होता. नाक्यावर माल अडे, वेळ जाई, लांचलुचपतीस वाव मिळे. तथापि पैसा पालिकेच्या तिजोरींत रोजच्या रोज पडे. पुढें जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता तोही उठला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर पालिकांना राज्य शासनाकडून मिळणाऱ्या भरपाईवर विसंबावें लागलें. अर्थात् पालिकेच्या स्वतःच्या हातीं जो मोठा कर उरला, तो मालमत्ता कर, म्हणजेच लोकांच्या तोंडची घरपट्टी.

ही घरपट्टी ठरविण्याची रीति १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमांत सांगितली आहे. स्थायी समितीच्या प्रस्तावांचा विचार करून महासभेनें पुढील वर्षाचे दर २० फेब्रुवारीच्या आंत ठरवावेत, असा नियम आहे. नागरिकांचा प्रत्यक्ष कौल त्यांत नाहीं. त्यांनीं निवडलेल्या नगरसेवकांचें मत हाच त्यांचा कौल. इतरत्र याहून निराळी पद्धति आढळते. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस परगण्यांत २००८ सालीं रेल्वे व रस्ते यांसाठीं विक्रीकर अर्ध्या टक्क्यानें वाढवावा काय, असा प्रश्न थेट मतदारांपुढें ठेवण्यांत आला होता. दोनतृतीयांश मतांची अट असतांही लोकांनीं तीस वर्षांपुरती ती वाढ मान्य केली. कोणतीं कामें व्हावयाचीं याचा आराखडा मतदानापूर्वींच समोर मांडलेला होता, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. माणूस करास विन्मुख असतो असें सरसकट म्हणतां येत नाहीं. ज्याचा हिशेब दिसत नाहीं अशा करास तो विन्मुख असतो.

आतां दोन्ही बाजूंचें म्हणणें न्यायबुद्धीनें ऐकिलें पाहिजे. गांवकरी म्हणतात, "ग्रामपंचायतीच्या काळीं आमची पट्टी माफक होती. पालिका आली आणि ती अनेक पटींनीं वाढली. परंतु नळास पाणी नाहीं, रस्त्यावर खड्डे आहेत. सोयी शहराच्या होण्यापूर्वींच दर शहराचे कां?" या गाऱ्हाण्यांत तथ्य आहे. नव्यानें सामील झालेल्या क्षेत्रांत कर एकदम न वाढवितां टप्प्याटप्प्यानें चढवावा, अशी तरतूद कायद्यानेंच केलेली आहे. ती करणाऱ्यांस ही अडचण ठाऊक होती.

पालिकेचा पक्षही तितकाच ऐकण्यासारखा आहे. जलवाहिनी आधीं घालावी लागते, तिचें पाणी मागाहून येतें. पैसा नाहीं म्हणून काम नाहीं आणि काम नाहीं म्हणून पैसा नाहीं, हें चक्र कोठें तरी तोडलेंच पाहिजे. शिवाय जेथें शेतें होतीं तेथें गृहसंकुलें उभीं राहिलीं आहेत. रस्ता आणि मेट्रो येणार या वार्तेनेंच जमिनीचे भाव वाढले. सार्वजनिक खर्चानें ज्याच्या मिळकतीचें मोल वाढलें, त्यानें त्या लाभाचा कांहीं अंश सार्वजनिक कार्यास परत द्यावा, यांत अन्याय नाहीं. मात्र दोन खोल्यांत राहणारा भूमिपुत्र आणि मोठा विकासक यांस एकाच मापानें मोजणें हाही न्याय नव्हे.

या वादांत केवळ रुपयांचा हिशेब गुंतलेला नाहीं. ४ एप्रिल २०१३ रोजीं शीळ येथें बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा अंत झाला. त्यांत बालकेंही होतीं. बांधकाम करणाऱ्यांबरोबर पालिकेच्या कांहीं अधिकाऱ्यांनाही अटक झाली. या दुर्घटनेचा बोध दुहेरी आहे. नकाशे तपासणारे, पाये पाहणारे आणि बेकायदा मजले वेळींच थांबविणारे लोक नेमावयाचे तर पैसा लागतो. पण नुसत्या पैशानें दक्षता विकत मिळत नाहीं. अनधिकृत घराची पट्टी भरल्यानें तें घर अधिकृत होत नाहीं, आणि मजबूत तर मुळींच होत नाहीं, हेंही प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.

मग मताचें महत्त्व काय? १८८० सालीं व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतार्थ एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव पुणें नगरपालिकेपुढें आला असतां महात्मा जोतीराव फुले यांनीं त्यास एकट्यानें विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा, असें त्यांचें मत होतें. ठराव संमत झाला. तरी करदात्याच्या वतीनें कोणी तरी उठून विचारणा केली, हें इतिहासांत नमूद राहिलें. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्यें आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्यें संपली, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत दोन्हीकडे प्रशासकांचा अंमल राहिला. त्या काळांत अंदाजपत्रकें झालीं, कर आकारले गेले, परंतु "कां?" असें सभागृहांत विचारणारा निवडलेला सभासद नव्हता. करापेक्षां ही उणीव अधिक महाग पडते.

यास्तव निवडून आलेल्या सभासदांनीं विकासासाठीं वाढीव कर मागतांना चार गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक कामाचें नांव, खर्च व मुदत ठरावांत लिहावी. त्या पैशाचें खातें निराळें ठेवावें. पट्टी ऐपत पाहून आणि पायरीपायरीनें चढवावी. आणि ज्या गांवांतून कर जमा झाला त्या गांवांत वर्षाअखेर सभा भरवून जमाखर्च वाचून दाखवावा. नागरिकांचेंही कर्तव्य आहे. फेब्रुवारींत दर ठरतात तेव्हां स्वस्थ बसावयाचें आणि देयक हातीं पडल्यावर संतापावयाचें, यानें कांहीं साधत नाहीं. सभागृहांत ठराव येण्यापूर्वीं तो वाचावा, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास जाब विचारावा, आणि काम झालें नाहीं तर पुढील निवडणुकीपर्यंत तें विसरूं नये. शीळफाट्याचा रस्ता कोणत्या पालिकेच्या हद्दींत आहे हें तेथें अडकलेल्या प्रवाशास ठाऊक नसतें. परंतु त्या रस्त्यासाठीं दिलेल्या पैशाचें काय झालें, हें विचारण्याचा हक्क त्याचा आहे.