धुऱ्यावरचे तण आणि गावाचे कर्तव्य



पूर्णेकाठच्या या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी खारे असल्यामुळे शेतकऱ्याची सारी भिस्त पावसावर आणि काळ्या जमिनीने जपलेल्या ओलीवर असते, तेथे तण म्हणजे पिकाच्या वाट्याच्या ओलीचा अपहारच होय. वखर, डवरा आणि निंदण यांच्या बळावर आपल्या वाडवडिलांनी वावरातला कुंदा आणि हरळी आवरली; परंतु धुरे, पांदणी आणि सरकारदप्तरी ई-क्लास म्हणून नोंदलेली गायराने कोणा एकाच्या डवऱ्याखाली येत नसल्यामुळे परकीय तणांना तेथेच निर्वेध आश्रय मिळाला.

यांपैकी गाजरगवत सर्वांत उपद्रवी. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आणि एकेका झाडापासून हजारो बी धरणारी ही वनस्पती पुढे देशभर पसरली. हिच्या संसर्गाने निंदणाऱ्या बायांच्या हातांना त्वचारोग जडतो. जनावरे सोडली की तण संपेल, अशी समजूत येथे घातक ठरते; कारण गुरे गाजरगवताला सहसा तोंड लावीत नाहीत, भुकेपोटी खाल्लेच तर दुधाला कडवटपणा येतो, आणि भोवतालचे गोड गवत तेवढे चरले गेल्याने या शत्रूला मोकळे रान मिळते.

मग शेळ्यामेंढ्यांचा उपयोग कोठे? वेचणी आटोपलेल्या पऱ्हाटीत. तेथे आपली बेरारी शेळी आणि धनगरांची मेंढरे उरलीसुरली पाने, हिरवी बोंडे आणि कोवळे तण खाऊन बोंडअळीचाही आश्रय मोडतात व लेंडीखत मागे ठेवतात. मात्र विलायती बाभळीच्या शेंगा खाल्लेला कळप तिचे बी लेंड्यांतून शेतोशेत पेरीत जातो, याचे भान कळप बसविण्यापूर्वी ठेवले पाहिजे.

गाजरगवताचा खरा भक्षक निराळा आहे. मेक्सिकोहून आणलेला पट्टेदार भुंगेरा 1984 साली बंगळूर येथे सोडण्यात आला. पावसाळ्यात तो व त्याच्या अळ्या या तणाची पाने फस्त करतात आणि कोरड्या दिवसांत तो जमिनीत सुप्त राहतो. त्याच्या जोडीला पडीक जागी पावसाआधी तरोट्याचे बी फेकावे. तरोटा दाट उगवून गाजरगवताला दडपतो, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी तर आपल्या घरोघर होते.

औषधांविषयी दोन इशारे आवश्यक आहेत. पडीक जमिनीवर मिठाचे 15 ते 20 टक्के द्रावण फवारण्याची शिफारस अन्यत्र योग्य असेल. परंतु मूळच्याच खारावलेल्या या मातीत आणखी मीठ घालणे आत्मघातकी होईल. टू-फोर-डी हे तणनाशक धुऱ्यावर मारताना वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले, तर तिची पाने आकसून पीक हातचे जाते.

तात्पर्य, प्रत्येक तणाचा काळ आणि काळाचा उपाय वेगळा. परंतु एकट्याने केलेला कोणताही उपाय पुरा पडत नाही, कारण शेजारच्या धुऱ्यावरचे बी वाऱ्यापाण्याने, गाडीच्या चाकाने पुन्हा आपल्या वावरात येते. म्हणून ग्रामसभेने पेरण्या आटोपताच, गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, धुरे, पांदणी व ई-क्लास जमिनींची पाहणी करावी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटण्याचे काम मजुरी देऊन करवून घ्यावे, उपटलेले तण फुलाआधीच खड्ड्यात कुजवावे, आणि भुंगेरा दिसेल त्या जागी फवारणीला मज्जाव करावा. सामाईक जमिनीची निगा हा रयतेचा सामाईक हक्क आहे. तो बजावण्याची वेळ येत्या पावसाळ्यातच आहे.