‘सर्व्हर सांपडत नाहीं’

आमच्या सहकारी ग्राहक भांडाराचा हिशेब संगणकावर चालतो. विक्रीच्या मेजावरील दोन संगणक मालाचे भाव व सभासदांच्या उधारीच्या रकमा मागच्या खोलींतील सर्व्हरकडून मागवितात. गेल्या महिन्यांत एका मंगळवारीं सकाळीं दुकान उघडलें, तों दोन्ही पडद्यांवर एकच मजकूर : सर्व्हरशीं संबंध जुळत नाहीं. बाहेर रांग लागलेली; आंत, आदल्या संध्याकाळीं शेवटचें काम करून गेलेल्या कारकून मुलीवर सर्वांची नजर. दुरुस्तीवाल्यानें दूरध्वनीवरून फर्माविलें, “सर्व पुसून पुन्हां बसवा.” अकरा वर्षांचा हिशेब! मीं होकार दिला नाहीं.

प्रथम सर्व्हरवरच प्रोग्रॅम उघडून पाहिला. तो चालला, उधारीच्या रकमाहि दिसल्या. म्हणजे डेटाबेस शाबूत होता, बिघाड वाटेंत होता.

मग विक्रीच्या संगणकावरून १९२.१६८.१.१० ह्या सर्व्हरच्या पत्त्यास ‘पिंग’ केलें. उत्तर आलें आणि मी फसलों. त्या पत्त्यावर कोणी तरी आहे, एवढेंच त्या उत्तरानें कळतें. कोण आहे, तें कळत नाहीं. सर्व्हरसाठीं ठरविलेल्या १४३३ ह्या पोर्टावर दार ठोठावलें, तों तत्काळ नकार! येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. फायरवॉल आड आली असतां बहुधा कांहींच उत्तर येत नाहीं. मुदत संपेपर्यंत ताटकळावें लागतें. तत्काळ नकार आला, तर यंत्र भेटलें, पण त्या पोर्टावर ऐकणारें कोणी नाहीं, असें बहुधा समजावें. (पासवर्ड चुकल्याची तक्रार आली, तर ती शुभवार्ताच, सर्व्हर गांठला गेला!)

पण सर्व्हर तर चालू होता. मग नकार कोणाचा? सर्व्हरवर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली. पत्ता निघाला १९२.१६८.१.१४! सोमवारीं रात्रीं वीज गेली होती. ती परत येतांच राऊटरनें पत्ते नव्यानें वांटले आणि सर्व्हरचा जुना पत्ता पावत्या छापणाऱ्या प्रिंटरच्या वांट्यास गेला. इतका वेळ आम्हांस नकार देत होता तो प्रिंटर! फायरवॉल समूळ बंद करण्याचाहि सल्ला एका सभासदानें दिला होता. तो मानला असता, तरी प्रिंटर काय उधारीचा हिशेब सांगणार होता?

राऊटरमधें तो पत्ता सर्व्हरच्या नांवें कायमचा राखून ठेवला, प्रिंटर व सर्व्हर बंद करून पुन्हां चालू केले. साडेदहाला पहिली पावती निघाली. मुलीनें चष्मा पुसला आणि रांगेंतल्या पहिल्या बाईंना विचारलें, “साखर किती देऊं?”