स्वादुपिंडातील पूनिचरा: स्टेंट प्लॅस्टिकचा की धातूचा?



स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात मृत झालेल्या भागाला जंतुसंसर्ग झाला, की आम्ही तोंडावाटे दुर्बीण घालून जठराच्या भिंतीतून स्टेंट बसवतो व पू जठरात उतरवतो. प्लॅस्टिकचा स्टेंट अरुंद, स्वस्त. धातूचा रुंद, महाग, परंतु लवकर बसणारा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ६० रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत दोन्ही गटांना लागलेल्या प्रक्रियांच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र धातूचा स्टेंट तीन आठवड्यांहून अधिक राहिल्यास रक्तस्रावाचा व तो भिंतीत रुतण्याचा धोका दिसला. बरे वाटताच गावी गेलेला रुग्ण परतला नाही, तर उपकारक स्टेंटच अपकारक ठरेल. म्हणून स्टेंटबरोबरच तिसऱ्या आठवड्यातील सीटी स्कॅन व प्रवासखर्चालाही आपण हातभार लावावा, ही नम्र विनंती.