वाळवी आणि गंज



विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. सातवी शिकलेली बाई आसामी लेखिकेच्या शब्दांवर काय बोलणार! पण तांदूळ निवडताना खडा बोटाला लागतोच ना? तसे काही शब्द वाचताना पुन्हा पुन्हा लागले, तेवढेच सांगते.

लेखिका इंदिरा गोस्वामी. जन्म १९४२, निधन २०११. आसामात त्यांना मामोनी बाइदेउ म्हणत. बाइदेउ म्हणजे ताई. लग्नानंतर थोड्याच काळात त्या विधवा झाल्या. २००० सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले.

आता पुस्तकांची नावेच पाहा. ‘मामरे धरा तरोवाल’ म्हणजे गंजलेली तलवार. ‘दंताल हातीर उँये खोवा हाओदा’ म्हणजे सुळेवाल्या हत्तीचा वाळवीने खाल्लेला हौदा. आत्मकथेचे नाव ‘आधा लेखा दस्तावेज’, तोही अर्धाच! धड वस्तू एक नाही. आमच्या शेजारणीने, त्या गुवाहाटीच्या, हे शब्द मला फोडून सांगितले. आपण म्हणतो, लोखंडाने गंज धरला. आसामीत गंज लोखंडाला धरतो. केवढा फरक हो! आपल्याकडे लोखंडालाच बोल.

हौद्याच्या कादंबरीचे इंग्रजी बाईंनी स्वतः केले. त्यात वाळवीची कसर झाली. हिंदीत तर नावातून हौदाच गेला. मला मूळची वाळवीच खरी वाटते. कसर लागली की भोके दिसतात. वाळवी आतून पोखरते नि वरचा रंग तसाच राहतो. कादंबरीतले घर तसेच आहे. दक्षिण कामरूपातल्या सत्राचे, म्हणजे वैष्णव मठाचे, गोसावी. बाहेर हत्ती, मानमरातब, आत विधवा. त्यातली गिरीबाला अगदी कोवळी. वासना आवरत नाही, वर्ज्य मांस खाते. शेवटी प्रायश्चित्तासाठी पेटवलेल्या झोपडीतून ती बाहेर येतच नाही. ते पान वाचून मी पुस्तक दोन दिवस उघडले नाही.

आपल्याकडे २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या मंडळात कुंकू पुसलेल्या भगिनी पापड लाटायला पुढे असतात, हळदीकुंकवाला मागच्या बाकावर.

संक्रांतीची पत्रिका छापायला जायची आहे. तिच्यावर ‘सुवासिनींनी अगत्य यावे’ असे दरसाल असते. तो शब्द काढून ‘सर्व भगिनींनी’ घालावे, अशी सूचना मी चिटणीसबाईंकडे लेखी दिली आहे. ती आज सभेपुढे ठेवावी.