ड्रोन चुकला तर विश्वास पुन्हा कसा बसवावा?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



शेताची हद्द नकाशात आखून दिली की फवारणीचा ड्रोन आपला आपण पट्टे धरतो, वळतो आणि टाकी रिकामी झाली की परत येतो. म्हणजे तो उडणारा यंत्रमानवच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'नमो ड्रोन दीदी' योजनेस मंजुरी दिली आणि १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरविले. त्यामुळे शेतमालक, ड्रोन चालविणारी ताई आणि यंत्र अशा तिघांची जोडणी गावोगाव होऊ लागली. ड्रोन कसा वापरावा हे आपण पुष्कळ ऐकतो. तो चुकल्यानंतर काय करावे, याचा आज विचार करू.

दोन्ही टोके घातक

समजा, सोयाबीनमध्ये ड्रोनने दोन पट्टे कोरडे सोडले. आठवड्याने तेथे अळीने पानांची चाळण केली. शेतकरी म्हणतो, "हे खेळणे पुन्हा माझ्या बांधावर नको." गड्याच्या हातून ओळ सुटली तर आपण रागावतो, पण दुसऱ्या दिवशी पंप त्याच्याच हाती देतो. यंत्राला मात्र ही सवलत नाही. अमेरिकेत डायटफोर्स्ट, सिमन्स व मॅसी या संशोधकांनी २०१५ मध्ये हेच दाखविले. संगणकाचे गणित माणसापेक्षा सरस असले तरी ते चुकताना पाहिले की लोक त्याचा नाद चटकन सोडतात.

दुसरे टोक आंधळ्या भरवशाचे. जॉर्जिया टेक या संस्थेतील २०१६ च्या प्रयोगात इमारतीत धूर सोडून आगीचा देखावा केला होता. वाट दाखविणाऱ्या यंत्रमानवाच्या मागे सर्व २६ जण गेले. त्यांतील निम्म्यांनी थोड्याच वेळापूर्वी त्याला वाट दाखविताना चुकलेले पाहिले होते!

नवा गोऱ्हा औताला जुंपला आणि त्याने तास सोडला, तर आपण त्याला लगेच बाजार दाखवीत नाही. पण कासरा सोडून सावलीतही बसत नाही. यंत्राच्या बाबतीत हीच रीत ठेवावी.

गोड शब्द पुरत नाहीत

मिशिगन विद्यापीठात २०२३ मध्ये २४० जणांवर एक प्रयोग झाला. यंत्रमानवाने चूक केल्यावर माफी, खुलासा, आश्वासन, इतकेच नव्हे तर चूक नाकारणे, असे चारही उपाय करून पाहिले. तीन चुकांनंतर यांतील कोणत्याही उपायाने विश्वास पूर्ववत झाला नाही. म्हणून पहिल्या चुकीनंतरच पुढीलप्रमाणे काम करावे.

१. नोंद जपावी : तारीख, वेळ, वारा, उड्डाणाची उंची व वेग, औषध आणि मात्रा लिहून ठेवावी. यंत्रातील उड्डाणाची नोंद पुसू नये. कोरड्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात.

२. कारण शोधावे : ड्रोनची पाती काढून टाकीत साधे पाणी भरावे. प्रत्येक नोझलखाली भांडे धरून एक मिनिट पाणी जमवावे व मोजावे. सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक असलेले नोझल साफ करावे किंवा बदलावे. नंतर नकाशा पाहावा. साध्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक पडू शकते. आरटीके जोडणी असल्यास ती काही सेंटीमीटरवर येते. बॅटरी बदलल्यावर काम नेमके सोडल्या जागेवरून सुरू झाले का, हेही तपासावे.

प्रत्येक दोष यंत्राचा नसतो. २,४-डी तणनाशक वापरलेली टाकी नीट न धुता कपाशीवर फवारणी केली, तर पाने भेंडीच्या पानासारखी होतात. ती चूक माणसाची. भर वाऱ्यात उड्डाण केले, तर तीही माणसाचीच.

३. कबुली द्यावी व दुरुस्ती करावी : सापडलेले कारण ताईंनी शेतकऱ्याला स्पष्ट सांगावे. झाकलेली चूक पुढे उघडी पडते आणि मग समजूत निघत नाही. कीड मोजून, गरज असेल तर फक्त कोरड्या पट्ट्यांवर फवारणी करावी. सबंध शेत पुन्हा फवारल्यास मात्रा दुप्पट होते आणि खर्चही वाढतो.

४. लहान चाचणी घ्यावी : पाच गुंठ्यांत साध्या पाण्याची फवारणी करावी. थेंब पडताच निळा होणारा पिवळा कागद मिळतो. त्याचे तुकडे झाडाच्या शेंड्याला, मध्यावर व खाली लावावेत. पट्ट्यांच्या सांध्यावर आणि बांधापलीकडेही लावावेत. ठिपके सर्वत्र सारखे पडले आणि बांधापलीकडचा कागद पिवळाच राहिला, तर पुढे अर्धा एकर, मग पूर्ण शेत.

५. कासरा आपल्या हाती ठेवावा : वर उल्लेखिलेल्या तिघा संशोधकांना पुढे २०१८ मध्ये असे आढळले की, गणितात थोडासा फेरफार करण्याची मुभा मिळाली तरी लोक ते सदोष असूनही वापरण्यास तयार होतात. म्हणून हद्द आखताना शेतकऱ्याने स्वतः हजर राहावे. शेजारी तुतीची बाग, मधपेट्या किंवा विहीर असेल, तर त्या बाजूचा पट्टा सोडण्यास सांगावे. 'थांबवा' म्हटले की ड्रोन थांबला पाहिजे, असे आधीच ठरवून घ्यावे.

६. विश्वास कामापुरता ठेवावा : वाढलेल्या उसात माणसाला शिरता येत नाही, तेथे ड्रोनची मदत मोठी. पण पाठीवरच्या पंपाने एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते, तेथे ड्रोन जेमतेम १० लिटरमध्ये काम करतो. दाट पिकात पानाखालच्या किडीपर्यंत औषध पोचले का, हे पान उलटून पाहावे. एका कामात उतरला म्हणून दुसऱ्या कामात त्याला तपासल्यावाचून घेऊ नये.

एवढा खटाटोप कशासाठी?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. ड्रोनमुळे माणूस त्या विषारी फवाऱ्यापासून दूर राहतो. एका चुकीपायी यंत्र हाकलून दिले, तर तोच पंप पुन्हा कोणाच्या तरी पाठीवर जाईल आणि बचत गटाच्या ताईंचा रोजगारही बुडेल. डोळे मिटून ड्रोन उडविला, तर शेजाऱ्याच्या पिकाचे नुकसान होऊन बांधावर भांडण उभे राहील.

तेव्हा येत्या फवारणीपूर्वी ड्रोनसाठी एक वही घालावी. प्रत्येक उड्डाण, प्रत्येक चूक आणि तिची दुरुस्ती तीत लिहावी व खाली शेतकरी आणि ताई या दोघांनीही सही करावी. किती विश्वास ठेवायचा, हे त्या वहीवरून ठरवावे.