उरलेल्या एका रुपयाची गोष्ट

आज एका मोठ्या आकड्याची गोष्ट सांगते. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा.

आमच्या बचत गटाला बँकेचं १० लाखांचं कर्ज मिळालं. घेणाऱ्या आम्ही सातजणी. सारखे वाटे केले, प्रत्येकीला १,४२,८५७ रुपये. पुढच्या बैठकीत एकीनं सगळे वाटे मिळवून पाहिले. बेरीज आली ९,९९,९९९. ती म्हणाली, "एक रुपया कुठं गेला?" कुणी हसलं, कुणी गप्प बसलं. हिशोब ठेवणाऱ्या ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "उद्यापासून वही दुसरी कुणी सांभाळा."

मग आम्ही खडू घेतला आणि फरशीवरच भागाकार मांडला. १० ला ७ नं भागलं. भाग गेला १, उरले ३. वरचं शून्य खाली घेतलं, झाले ३०. भाग ४, उरले २. मग २० मध्ये भाग २, उरले ६. ६० मध्ये ८, उरले ४. ४० मध्ये ५, उरले ५. ५० मध्ये ७, उरला १. शून्यं संपली, रुपया उरला. पासबुक उघडलं, तर तो गटाच्या खात्यातच होता!

या १,४२,८५७ ची गंमत बघा. दोघींचे वाटे मिळून २,८५,७१४. तिघींचे ४,२८,५७१. चौघींचे ५,७१,४२८. पाचजणींचे ७,१४,२८५. सहाजणींचे ८,५७,१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमानं, फुगडी घातल्यासारखे गोल फिरतात. फक्त सुरुवात बदलते. सातवा वाटा मिळवला की मात्र सगळे नऊच नऊ.

नाशिकजवळच्या देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. अशा आकड्यांचा त्यांना भारी नाद. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या 'कापरेकर संख्यां'मध्ये आपला हा आकडाही बसतो. त्याला त्यानंच गुणलं की येतात २०४०८१२२४४९. याचे दोन तुकडे करा, २०,४०८ आणि १,२२,४४९. बेरीज करा. पुन्हा १,४२,८५७!

ताईंनी वही परत हातात घेतली. तेव्हापासून आमच्या गटात वाटपाचा भागाकार सगळ्यांसमोर होतो आणि शेवटी वेगळी ओळ लिहिली जाते, 'बाकी रुपये १, गटाच्या खात्यात'. खाली सातही जणींच्या सह्या.

तुमच्या गटात तिघी असोत, सहाजणी असोत की सातजणी, भागाकार एकदा स्वतः करून बघा. आणि बाकी उरली, तर ती लिहायला विसरू नका.