पाणी जमिनीचे की माणसांचे?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस पर्यावरणावर बोलण्यास सांगितले आहे. पर्यावरण म्हटले की ‘झाडे लावा’ असे सांगून मोकळे होण्याची रीत पडली आहे. झाडे लावावीतच. परंतु ज्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचा माळ आणि शेवटचा पाणवठा आला, त्या आपल्या समाजाने हा विषय जमीन आणि पाणी येथूनच हाती घ्यावा, असे आम्हांस वाटते. म्हणून आज एका माणसाची आणि त्याने घालून दिलेल्या एका नियमाची हकिगत सांगतो.

विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते व कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात माणसे दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यांनी पाहिली. मजुरी मिळत होती, चूल पेटत होती. पण खडीच्या ढिगाऱ्याने पुढल्या पावसाचे पाणी अडणार नव्हते. हेच हात बांध आणि तलावांना का लागू नयेत, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. असे प्रश्न पुष्कळांना पडतात आणि पुण्याला परतेपर्यंत विरून जातात. साळुंखे यांनी १९७४ साली नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड, उताराची जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली आणि कामाला लागले. ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था त्यातूनच उभी राहिली.

काम काय केले, ते विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. तो भाग पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा आणि लहरी; पडला की उतारावरची माती घेऊन ओढ्याला जाणार. तेथे उताराला आडवे, एकाच पातळीत बांध घातले. त्यामुळे पाण्याची धाव मोडते, पाणी जिरते आणि माती जागेवर राहते. खाली पाझर तलाव, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर. तलावात मुरलेले पाणी विहिरीला लागते आणि तेच पुन्हा वर उचलून शेताला देता येते. पीक येणार नाही अशा चढावर झाडे आणि गवत. यात अचंबा वाटावा असे काही नाही. पाऊस जेथे पडतो तेथेच त्याला थांबवायचे, एवढेच. माळावर धान्य उभे राहिलेले दिसले, तेव्हा आजूबाजूचे शेतकरी चौकशीला येऊ लागले.

येथपर्यंतची गोष्ट मृदसंधारणाची झाली. अशी कामे इतरत्रही झाली आहेत. खरा पेच पुढे आहे. अडवलेले पाणी कोणाचे? गावोगावची रीत अशी की ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचे पाणी. म्हणजे बांधावर घाम सर्वांचा गळणार आणि मोटार दोघा-चौघांची चालणार. साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने ही रीतच उलटवली. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसे मोजून द्यायचे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा आणि पाणी सोडायला गटाचा पाटकरी नेमायचा. ऊस लावायचा नाही. (या शेवटच्या कलमाने कोणाकोणाच्या भुवया चढल्या असतील, ते आम्ही सांगायला नको.)

आता हे आपल्याशी कोठे येऊन भिडते ते पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाण्याचा हक्क बजावला. तो पिण्याच्या पाण्याचा, सार्वजनिक तळ्याचा हक्क होता. शेतीचे पाणी मात्र सातबाऱ्याला बांधलेलेच राहिले. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, माणसे तुरुंगात गेली. जेथे जमीन मिळाली तेथे ती बहुधा पडीक किंवा माळाची. अशा जमिनीला पाणी नसेल तर सातबारा पेटीत ठेवून माणूस मुंबईची गाडीच धरतो.

भूमिहीनाच्या वाट्याविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो. पाणी मिळाले तरी भिजवायचे काय, हा त्याचा प्रश्न उरतोच. दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी तर मालकाच्या मर्जीवर राहावे लागते. त्यामुळे नियमाएवढा लाभ त्याच्या पदरात पडणे कठीण. तरीही गावच्या पाण्यावर भूमिहीनाचे नाव लागले, हे लहान काम नव्हे. पुढे सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, तेथेही समन्यायी वाटपाचाच आग्रह होता. नदीची वाळू ठेकेदारांना उपसू न देता, तीच थोडी विकून लोकांनी खर्चाला पैसा उभा केला. तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

साळुंखे २००२ साली गेले. त्यानंतर २००५ साली राज्यात शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. पाणी वापर संस्था आल्या. पण सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकाला. म्हणजे सरकारी कालव्यावर भूमिहीन अजून काठावरच उभा आहे.

विद्यार्थी मित्रहो, सुटीत गावी जाल तेव्हा एक काम करा. गावचा पाझर तलाव कोणत्या गटात आहे, त्याच्या खालच्या अंगाला विहिरी किती, त्या कोणाच्या नावावर आणि त्यांपैकी आपल्या वस्तीतील कोणाची एखादी तरी आहे काय, एवढे वहीत टिपून आणा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्या वह्या समोर ठेवून बोलू.